धुराडं साफ

"लाल," मुकुंद म्हणाला.

"लाल," आप्पा म्हणाले.

गाडी थांबली. गॅबोरोनच्या त्या चौकात इतक्या सकाळी आमच्याशिवाय कोणीही नव्हतं. जुलै म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा. पुढच्या काचेवर आतून आमच्या श्वासाचं धुकं धरलं होतं आणि मुकुंद ते रुमालाने पुसत होता.

"हिरवा."

"हिरवा," आप्पा म्हणाले, आणि आम्ही निघालो.

मुकुंदने हा खेळ आप्पा आल्यापासून चालू केला होता. आप्पा म्हणजे माझे वडील. ते दौंडच्या शेडमध्ये इंजिन ड्रायव्हर होते. इंजिनावर दोन माणसं असतात. सिग्नल ज्याला आधी दिसेल त्याने तो मोठ्याने पुकारायचा आणि दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघून परत पुकारायचा. पहिल्याने सांगितलं म्हणून म्हणायचं नाही. "आणि दुसरा गप्प राहिला तर?" मुकुंदने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"तर लालच समजायचा," आप्पा म्हणाले होते. "गाडी थांबवायची. मग काय ते बघायचं."

आमच्या घरातही हेच चालायचं. गावाला निघताना आई दारातून ओरडायची, "स्टो बंद!" की मी स्वयंपाकघरात जाऊन, बघून ओरडायचं, "स्टो बंद!" एकदा मी न बघताच ओरडले. आप्पांना ते कसं कळलं कोण जाणे. टांग्याच्या अड्ड्यावरून त्यांनी आम्हाला सगळ्यांना माघारी आणलं. रागावले नाहीत. स्टोपुढे उभं केलं आणि म्हणाले, "आता बघ. आणि मग बोल." स्टो बंदच होता. आमची गाडी चुकली.

मला वाटतं मी रसायनशास्त्राकडे वळले ती त्या स्टोमुळे. १९९६ साली, ज्या वेळची ही गोष्ट आहे, मी बोट्सवानात, गॅबोरोनला, पाण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत काम करत होते. माझा नवरा मुकुंद रस्ते बांधायचा आणि सुट्टीत फोटो काढायचा. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. आप्पा दौंडला एकटे राहत होते आणि आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले होते. येत्या गुरुवारचं त्यांचं परतीचं तिकीट होतं.

त्यांना पाठवावं की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं.

काहीतरी बिघडलं होतं, आणि काय ते मला सापडत नव्हतं. आल्यावर पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातल्या उघड्या कपाटाच्या दारावर त्यांचं कपाळ आपटलं. मग अंगणातल्या बोगनवेलीच्या फांदीने गाल ओरबाडला. फळीवरची चहाची बरणी समोर असून त्यांना दिसली नाही. पण हेच आप्पा तांदळातला खडा चटकन वेचायचे, सुईत दोरा ओवायचे, वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिराती चष्मा न लावता वाचून दाखवायचे. मी त्यांना चष्म्याच्या दुकानात नेलं. त्यांनी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली, खालचं छापखान्याचं नावही वाचलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ए-वन. रेल्वेच्या डॉक्टरनेही उभ्या जन्मात दुसरं काही लिहिलं नाही."

"मग कपाट?"

"कपाट तुझं आगाऊ आहे."

दौंडचं आमचं घर रुळांच्या पलीकडे. बाजारात जायचं तर यार्ड ओलांडून जायचं. आप्पा रोज जायचे. मला रात्री झोप लागत नव्हती ती त्या यार्डामुळे. त्यांना एकटं पाठवायचं तर मला खात्री हवी होती, आणि थांबवायचं तर कारण हवं होतं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं.

अशात मुकुंदने ही सहल काढली. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत, पूर्वेकडच्या कोळशाच्या पट्ट्यात, एका खाणीवर अजून वाफेची इंजिनं कामाला होती. फोटोवाल्यांचा एक गट शनिवार-रविवार तिथे जमणार होता. आप्पांना हे कळलं त्या संध्याकाळी त्यांनी दोनदा विचारलं, "कामाला आहेत म्हणजे? देखाव्याची नव्हेत ना?"

"कोळशाचे डबे ओढतात, आप्पा. रोज."

"मग चला," ते म्हणाले. "एकदा बघून घेतो, आणि मग मी जायला मोकळा."

सीमेपलीकडे गेल्यावर रस्ता सरळ होता. दोन्हीकडे पिवळं पडलेलं गवत, क्षितिजापर्यंत. सिग्नलला तिकडे 'रोबो' म्हणतात हे आप्पांना फार मजेचं वाटे. प्रत्येक गावात विचारायचे, "मुकुंदराव, तुमचा रोबो काय म्हणतोय?" आणि मुकुंद पुकारायचा, आणि आप्पा परत करायचे. मागच्या सीटवर बसून माझ्या लक्षात आलं की आप्पा कधीच पहिले पुकारत नाहीत. मुकुंदने पुकारलं की मग. मी ते मनात नोंदवून ठेवलं आणि त्याचं काय करायचं ते मला कळेना. म्हातारा माणूस, दुसऱ्याची गाडी. असेल संकोच.

एका ठिकाणी चहाला थांबलो. मुकुंद एकदम म्हणाला, "आप्पा, ससाणा! त्या तारेवर बघा."

"वा," आप्पा म्हणाले. "झकास आहे."

ससाणा उडाला. आप्पा अजून त्या खांबाकडेच बघत होते.

दुपारी आम्ही पोचलो. खाणीचा ढिगारा, त्याच्या पायथ्याशी शेड, आणि शेडबाहेर ते उभं होतं. काळं, तेलकट, कुठूनतरी सूं करत. आप्पा गाडीतून उतरले आणि आधी इंजिनाकडे नाही, रुळांकडे गेले. दोन रुळांमध्ये पाऊल लावून त्यांनी अंतर मोजलं.

"मीटरगेजपेक्षा चार बोटं जास्त," ते म्हणाले. "आपल्या मीटरगेजची थोरली बहीण." मग त्यांनी मफलर सोडला, नीट घडी करून परत बांधला, देवळात जाताना करतात तसा, आणि इंजिनाजवळ गेले. बफरजवळ उभे राहून त्यांनी हात टेकवला, लगेच काढून घेतला, आणि पुन्हा टेकवला. मी जरा मागे थांबले.

ड्रायव्हर मासेको नावाचे गृहस्थ होते, आप्पांपेक्षा वीसेक वर्षांनी लहान. फायरमन सिपो तिशीतला. आप्पा रेल्वेचं इंग्रजी बोलायचे, ज्यात क्रियापदं फार कमी असत. पण त्या दोघांना ते पहिल्या वाक्यापासून समजलं. "थर्टी फाय इयर. ड्रायव्हर. इंडिया," आप्पा म्हणाले, आणि मासेकोंनी डोक्यावरची टोपी काढली.

"या बाबा, वर या."

झुलू लोकही वडीलधाऱ्या माणसाला बाबाच म्हणतात. आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू ही सोय मीच केली होती.

लोखंडी पायऱ्यांवर त्यांचा पाय अचूक पडला, एकदाही चाचपला नाही. मी खालून बघत होते. आणि मग आत शिरताना छपराच्या कडेवर त्यांचं कपाळ खाडकन आपटलं.

"तुमच्याकडची इंजिनं उंच होती वाटतं, बाबा!" मासेको हसत म्हणाले.

"लय उंच," आप्पा मराठीत म्हणाले आणि कपाळ चोळत हसले.

मीही हसले. कारण पटण्यासारखं होतं.

फोटोवाले बारा-पंधरा जण होते. बहुतेक गोरे, बहुतेक निवृत्त, अंगात खूप खिशांची जाकिटं. त्यांचा म्होरक्या व्हेंटर म्हणून एक दातांचा डॉक्टर, गळ्यात भोंगा. त्यांची एक पद्धत मला तिथे कळली. गाडी नुसती जाताना टिपून त्यांचं भागत नाही. गाडी थोडी पुढे जाते, थांबते, हे सगळे उतरून रुळांपासून दूर एका रांगेत उभे राहतात, मग गाडी मागे वळणाआड जाते आणि पुन्हा फोटोसाठी जोरात चालून येते. जमिनीवर चुन्याची एक रेघ मारलेली असते. तिच्या पुढे कोणी पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर बाकीचे सगळे मिळून ओरडतात. मुकुंदने रेघेवर कॅमेऱ्याचं तिकाटणं लावलं, तेव्हा शाळेत पहिल्या बाकावर बसलेल्या मुलासारखा दिसत होता.

"सिपो!" व्हेंटरने भोंग्यातून हाळी दिली. "स्मोक! लॉट्स ऑफ स्मोक!"

"काय म्हणतोय?" आप्पांनी मला विचारलं.

"धूर करा म्हणतोय. काळा."

"का?"

"फोटोत छान दिसतो."

दौंडच्या शेडमध्ये आप्पांचं नाव एकाच गोष्टीसाठी घेतलं जायचं. रणपिसे ड्रायव्हरच्या गाडीचं धुराडं साफ. काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. फायरमनने घाई करून एकदम फावडी ओतली की तो निघतो. थोडा टाकावा, पसरून टाकावा, आणि हवा द्यावी. कॉलेजात अपुऱ्या ज्वलनाचा धडा शिकवला तेव्हा सगळ्या वर्गात मीच एक होते जिला त्याची लाज वाटली. आमच्या घरात ती शिवी होती.

"म्हणजे लग्नात नवरीला रडवायचं," आप्पा अखेर म्हणाले, "फोटो चांगला येतो म्हणून."

पहिल्या दोन वेळा गाडी आली तेव्हा आप्पा तिकडे बघायलाच तयार नव्हते. ते झाडाखाली बसून राहिले. तिकडे निलगिरीची ओळ होती. बसायला जाताना एका फांदीने त्यांची टोपी उडवली. पण तिसऱ्या वेळेच्या आधी, गाडी आमच्यापुढे उभी असताना, ते उठले आणि इंजिनाकडे गेले. मी मागोमाग गेले.

सिपोने भट्टीचं दार उघडलं. आप्पांनी खालूनच वाकून आत बघितलं. त्यांचा चेहरा केशरी झाला.

"गुड फायर," ते म्हणाले. "व्हेरी ब्राइट. सिपो, वन टाइम. नो स्मोक. फॉर मी."

सिपोने मासेकोंकडे बघितलं. मासेकोंनी व्हेंटरकडे बघितलं. तो लांब होता.

"खरंच बाबा? साफ?"

"क्लीन. लाइक दिस." आप्पांनी आपला तळहात दाखवला.

"ओके, बाबा," सिपो म्हणाला. "वन टाइम."

परत येताना आप्पा माझा हात धरून चालले. तसे ते कधी चालत नसत. "पोरगा चांगला आहे," म्हणाले. "फावडं कसं धरतो बघितलंस? आता बघ तू. या फोटोवाल्यांनाही कळेल इंजिन कसं दिसतं."

मी मागे वळून बघितलं तेव्हा व्हेंटर इंजिनापाशी पोचला होता. तो वर मान करून बोलत होता, आणि दोन्ही हात आभाळाकडे उचलून दाखवत होता. सिपो मान हलवत होता. हो की नाही ते मला लांबून कळलं नाही. मग शिट्टी झाली आणि गाडी मागे वळणाआड गेली.

ऊन कलतं झालं होतं. गवत तांबूस दिसू लागलं होतं. रांगेत एकदम शांतता पसरली. अशा वेळी हे लोक श्वाससुद्धा जपून घेतात. आप्पांना मी खुर्ची आणली तर त्यांनी ती बाजूला सारली. रेघेच्या मागे, माझ्या शेजारी, ते सरळ उभे राहिले. ड्यूटीवर उभे असल्यासारखे.

वळणावरून ती आली.

आधी आवाज, मग नाक, मग मागे डब्यांची ओळ. आणि तिच्यावर धूर. मी तेवढा धूर आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. धुराड्यातून तो खांबासारखा सरळ वर चढत होता, डांबरासारखा काळा, निलगिरीच्या शेंड्यांच्याही वर जाऊन मग मागे झुकत होता, आणि कडांना उन्हाने तो तपकिरी केला होता. रांगेत कॅमेऱ्यांची टकटक सुरू झाली. कोणीतरी आनंदाने शिवी दिली.

आप्पांनी कपाळावर हात आडवा धरला.

"धुराडं साफ!" ते म्हणाले.

मोठ्याने, स्वच्छ, माझ्या लहानपणच्या आवाजात. मी त्यांच्याकडे बघितलं. ते दुसरीकडे कुठेही बघत नव्हते. त्यांची नजर धुराड्याच्या काठावर होती, अगदी तिथेच, आणि चेहरा इतका सुखी होता की तसा मी आई गेल्यापासून पाहिला नव्हता.

"बघ, बघ. कोरडी हवा ना. वाफसुद्धा दिसत नाही. नुसतं आभाळ."

मी काही बोलले नाही.

"शैला," ते म्हणाले. नजर इंजिनावरच होती. "धुराडं साफ!"

ते माझ्या आवाजाची वाट बघत होते. मला शब्द माहीत होते. दोनच होते. माझ्या मनात त्या क्षणी दुःख वगैरे काही नव्हतं, फक्त एकापाठोपाठ एक गोष्टी आपापल्या जागी जाऊन बसत होत्या. कपाटाचं दार. फळीवरची बरणी. तारेवरचा ससाणा. छपराची कड, टोपी, आणि खांबावरचे ते सगळे दिवे. खालचं सगळं त्यांना दिसत होतं. समोरचंही, तांदळातला खडासुद्धा. जिथे बघतील त्याच्या वरचं मात्र काही नाही.

इंजिन आमच्यापुढून गेलं. पायाखालची जमीन थरथरली. मी तोंड मिटून उभी राहिले.

आप्पांचा हात कपाळावर तसाच होता. मग तो हळूहळू खाली आला. डबे जात होते, एकामागून एक, आणि वरून काजळीचे कण पडायला लागले होते, हलके, काळ्या बर्फासारखे. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर एक पडला. तो त्यांना दिसला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि ओढलं. काळी रेघ उमटली. ते तिच्याकडे बघत राहिले.

"आप्पा!" मुकुंद रेघेवरून धावत आला. "काय धूर होता! बघितलात ना?"

"शैलाने बघितला," आप्पा म्हणाले.

मुकुंदने माझ्याकडे बघितलं, आणि कॅमेऱ्याकडे परत गेला.

गाडी थोड्या वेळाने मागे आली आणि आमच्यासमोर थांबली. सिपो खाली उतरला. हात पुसत, मान खाली घालून तो आप्पांपुढे उभा राहिला. "सॉरी, बाबा. मी कबूल केलं होतं. पण साहेब म्हणाला, पैसे धुराचे दिलेत. मी त्याला सांगितलं पण..."

आप्पांनी त्याचा हात धरला. "नो सॉरी," ते म्हणाले. "फायर इज गुड. आय सॉ. फायर, आय सॉ." आणि त्यांनी त्याचा हात बराच वेळ सोडला नाही.

मुकुंद तिकाटणं आवरत होता. आम्ही दोघं मोटारीपाशी आलो. आप्पा दार उघडून बसले, पाय बाहेर, जमिनीवर. मी समोर उभी राहिले. पलीकडे इंजिन पाणी पीत होतं.

"किती होता गं?"

"खूप."

"काळा?"

"डांबरासारखा."

त्यांनी मान हलवली. "वास आला होता मला. म्हटलं, मागच्या खेपेचा असेल."

"केव्हापासून, आप्पा?"

"तुझी आई होती तेव्हापासून. तिला म्हटलं होतं मी, वर दिवे लावायचं सोडलं की काय लोकांनी." ते जरा हसले. "काळंबिळं काही दिसत नाही, शैला. तसं असतं तर मी लगेच सांगितलं असतं. वरचं नसतंच. नसतं म्हणून कळतही नाही. मी आपलं धरून चालतो, की वर आभाळ आहे."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू मला वाचायला दिलंस. वाचता येतं मला. आणि सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस का? तिथं माझं घर आहे. सकाळी शेडचा भोंगा ऐकतो, पारावर चार माणसं रणपिसे म्हणून हाक मारतात. इथं मी आप्पा. तुझा बाप, मुकुंदरावांचा सासरा. बास."



ते बाहीवरची रेघ अंगठ्याने पुसत होते; ती जास्तच पसरत होती. "एक वाईट झालं," ते म्हणाले. "त्या पोराने शब्द दिला होता म्हणून मी पुकारलं. बघितलं नव्हतं. नोकरीत असं कधी केलं नाही मी. एकदाही नाही."

"आप्पा, जाऊ द्या ना."

"जाऊ द्या काय? तू परत केलं नाहीस, ते बरं केलंस." त्यांनी वर माझ्याकडे बघितलं, मला बघायला त्यांना मान बरीच मागे टाकावी लागली, आणि ती तशी टाकावी लागते हे मी इतके दिवस बघत होते. "दुसरा गप्प राहिला तर काय समजायचं?"

त्यांनी माझी वाट बघितली, आणि मग स्वतःच म्हणाले.

"लाल." आणि पाय उचलून गाडीत घेतले. "गुरुवारचं तिकीट थांबव."

रविवारी परत येताना मुकुंदने एकाही चौकात काही पुकारलं नाही. सीमेवरच्या गावात गाडी दिव्यापाशी थांबली तेव्हा तिघंही गप्प होतो.

गॅबोरोनच्या इस्पितळात आठवड्यातून एकदा डोळ्यांचे डॉक्टर येत. एका पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारख्या यंत्रात आप्पांनी हनुवटी टेकवली. आत कुठेकुठे बारीक दिवा लागायचा. दिसला की हातातलं बटण दाबायचं. आप्पा पाठ ताठ करून बसले. बटणाचा टक आवाज यायचा, मग बराच वेळ यायचा नाही. त्या मधल्या वेळात दिवे लागत होते. मी भिंतीकडे बघत होते.

डॉक्टरांनी कागद दाखवला. दोन वर्तुळं, दोन्हींचा वरचा अर्धा भाग काळा. काचबिंदू. गेलेलं परत येणार नव्हतं. थेंब घालून राहिलेलं राखता येईल, म्हणाले.

"हे माझं आभाळ का?" आप्पांनी विचारलं, आणि कागद हातात घेऊन बराच वेळ बघितला.

ते आमच्याकडे राहिले, शेवटपर्यंत. मुकुंदचा तो फोटो फार गाजला, त्याला कुठलंसं बक्षीसही मिळालं. त्याने तो घरात लावला नव्हता. आप्पांनीच एक दिवस विचारलं, "तुमचा तो धूर कुठाय?" आणि तो आणायला लावून, खिळा कुठे ठोकायचा ते दाखवलं. दिवाणखान्यात, खुर्चीत बसल्यावर डोळ्यांच्या रेषेखाली येईल असा. पाहुण्यांना तो चुकून खाली लागलाय असं वाटे. "बघा," आप्पा त्यांना सांगायचे, "वाईट फायरिंग कसं असतं ते. पण पोराचा दोष नाही."

पण मला जास्त आठवतो तो इस्पितळातून बाहेर पडल्यानंतरचा रस्ता. मोटार पलीकडे लावली होती. दुपारची वर्दळ होती. आप्पा पदपथाच्या कडेला थांबले. मी त्यांचा दंड धरायला हात पुढे केला. त्यांनी तो हलकेच बाजूला केला.

"पुकार," म्हणाले.

मी वर खांबाकडे बघितलं. "लाल."

ते लगेच बोलले नाहीत. त्यांनी हनुवटी उचलली, आणखी उचलली, झाडात पक्षी शोधताना उचलतात तशी, मान पार मागे जाईपर्यंत. शेजारून जाणारी एक बाई वळून बघायला लागली. आप्पा शोधत राहिले, आणि त्यांना तो सापडला.

"लाल," ते म्हणाले.

आम्ही उभे राहिलो. गाड्या गेल्या. मग दिवा बदलला.

"हिरवा," मी म्हणाले, आणि थांबले.

त्यांनी मान तशीच वर धरली होती. घाई केली नाही.

"हिरवा," आप्पा म्हणाले, आणि पाऊल रस्त्यावर टाकलं.